पाचशे अकराचं टपाल

आमच्या घरात देवाची शपथ चालत नाही, पत्रकाची चालते. बाबांचा रत्नागिरीत छोटा छापखाना आहे. पोटासाठी लग्नपत्रिका आणि आंब्याच्या पेट्यांवरची लेबलं, आणि जिवासाठी पत्रकं. मी अक्षरं अंकलिपीतून शिकले नाही. छापखान्यातल्या रद्दीच्या गठ्ठ्यावर बसून शिकले, त्यामुळे माझा 'ज' जहाजाचा नाही, 'जाहीर'चा आहे, आणि 'न' नळाचा नाही, 'निषेधा'चा आहे. इतर मुली भातुकली खेळायच्या तेव्हा मी बाहुल्यांचा मोर्चा काढायचे आणि त्यांच्या मागण्या मान्य झाल्याशिवाय जेवायला यायचे नाही. आई मान्य करायची. वरण गार व्हायला नको म्हणून.

या घराचा कायदा एकच. पत्रकात छापलेलं खरं असलं पाहिजे. खोटं निघालं, अगदी नकळत निघालं, तरी त्याच रंगाच्या कागदावर शुद्धिपत्रक छापायचं आणि ज्यांना मूळ पत्रक दिलं त्यांच्या हातात नेऊन द्यायचं. ज्याने लिहिलं त्यानेच. बाबा एकदा एका सरपंचाविरुद्धच्या पत्रकात त्याच्या गोठ्यात तीन म्हशी आहेत असं लिहून बसले होते. नंतर कळलं, म्हशी दोनच. तिसरा रेडा होता. मग ऐन मे महिन्यात बाबा त्या गावात घरोघर हिंडले: 'तीन म्हशी' ऐवजी 'दोन म्हशी व एक रेडा' असे वाचावे. सरपंचाने त्यांना कोकम सरबत पाजलं आणि पुढच्या निवडणुकीत तो पडला. बाबांचं म्हणणं, तो शुद्धिपत्रकाने पडला. लोकांनी विचार केला, जी माणसं रेड्याबद्दल इतकं खरं बोलतात ती बाकीचंही खरंच बोलत असणार.

मी पत्रकं लिहायला लागल्यापासून मला एकही शुद्धिपत्रक काढावं लागलं नव्हतं. मिरकरवाडा बंदरातल्या गाळावर लिहिलं, मासळी बाजारातल्या बायकांना बसायला सावली नाही त्यावर लिहिलं, सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, फिरणाऱ्या जमिनीच्या दलालांवर लिहिलं. सगळं तपासून, मोजून, दोनदा विचारून. याचा मला अभिमान होता आणि तो मी लपवत नव्हते. आई म्हणायची, "लपव गो थोडा. बरा दिसतो."

तर या अभिमानावर गेल्या माघात एक इटालियन विमान येऊन बसलं.

ते आणलं मामाने. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. मिरकरवाड्याला त्याचं दुकान आहे. ट्रॉलरवरचे वायरलेस, मासळी कुठे आहे ते दाखवणारी यंत्रं, जीपीएस, असलं सगळं तो दुरुस्त करतो. उरलेल्या वेळात रिमोटवर उडणारी विमानं बनवतो. दुकानाच्या छताला ती वटवाघळांसारखी लटकलेली असतात आणि खाली गिऱ्हाईक डोकं वाचवत बोलतं. त्या दिवशी मी गेले तर त्याने टेबलावर एक मोठा कागद पसरला होता. चार इंजिनांचं, लांबलचक पंखांचं विमान, आणि चाकांच्या जागी पोटाखाली दोन लांब होड्या.

"हे काय?"

"पाचशे अकरा."

"मुंबईतल्या बसचा नंबर वाटतो."

"इटलीचं विमान हाय. पाण्यावर उतरणारं. अशा दोन होडक्यांवर उभं राहणारं एवढं मोठं विमान दुसरं कुणी केलं नाय."

"कधीचं?"

मामाने मान खाजवली. "दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासचं."

मी पिशवी खाली ठेवली. "म्हणजे फॅसिस्टांचं."

"बघ, पेटली. फॅसिस्टांचं कशाला, कारखान्याचं."

"कारखाना कुणाच्या राज्यात होता, मामा?"

"मग तू येतेस ती स्कूटर? ती पण मुळात इटलीचीच."

"स्कूटर युद्धानंतरची आहे. मी तपासलंय."

मामाने कपाळावर हात मारला. मी त्याला सांगितलं की मिरकरवाड्यात कुठल्याही हुकूमशहाचं विमान उडणार नाही, मग ते एवढंसं असलं तरी. त्याचं काही एवढंसं नव्हतं. पंख पसरले तर दुकानाच्या दारातून आडवं बाहेर पडणार नाही असं विमान तो बांधणार होता.

"काढ मग पत्रक," मामा म्हणाला.

मी म्हटलं काढते.

इथेच घोळ झाला. निषेधाचं पत्रक काढायचं तर आधी खरं काय ते शोधायला हवं, नाहीतर शुद्धिपत्रक. म्हणून मी वाचायला बसले. इटालियन येत नाही, त्यामुळे एकेक पान मोबाइलवर भाषांतर करून. मामा सोल्डरिंग करता करता माझ्या चुका दुरुस्त करायचा, मी त्याच्या. मला हवा होता बॉम्ब टाकणारा राक्षस. मिळालं काय, तर टपाल.

ते विमान मुळात टपालासाठी जन्मलं होतं. इटलीहून निघायचं, अटलांटिक ओलांडायचा आणि दक्षिण अमेरिकेत गेलेल्या आपल्या माणसांची पत्रं पोचवायची. एवढ्या मोठ्या समुद्रात मध्येच कुठे उतरावं लागलं तर लाटांवर टिकावं, म्हणून त्या दोन दणकट होड्या. म्हणून तो आकार, तो लांब पल्ला. आणि मग युद्ध आलं. टपाल राहिलं बाजूला, विमान लष्कराने घेतलं, पत्रांच्या जागी बंदुका आल्या. ते कुठे कुठे धाडायचं याच्या एकाहून एक अचाट योजना झाल्या, छोट्या पाणबुड्या पोटात घालून महासागरापलीकडे नेण्याचीसुद्धा. पण चाचण्या लांबत गेल्या, वेळ निघून गेला. चाचण्यांत मात्र ते खवळलेल्या समुद्रातून पूर्ण वजन घेऊन उठलं होतं. मामा हे वाक्य दिवसातून दोनदा म्हणायचा, आरतीसारखं.

"आणि शेवटी काय झालं त्याचं?" मी विचारलं.

"शेवटी इटलीने हत्यारं टाकली. जर्मन आले विमान ताब्यात घ्यायला. तर म्हणतात, तळावरच्या माणसांनी स्वतःच ते निकामी केलं. ज्यांनी सांभाळलं त्यांनीच. पण दिलं नाय."

मी पेन बंद केलं, उघडलं, पुन्हा बंद केलं. ज्या माणसांनी एवढं सांभाळलं, त्यांनी स्वतःच्या हाताने ते मोडलं, पण चुकीच्या हातात जाऊ दिलं नाही. हे माझ्या घराण्याचं विमान होतं. माझा निषेध तिथल्या तिथे विरघळला आणि त्याची जागा इतक्या मोठ्या उत्साहाने घेतली की मामाच घाबरला.

"आपण त्याला टपाल नेऊ देऊ या," मी म्हटलं. "त्याला करायचं होतं ते काम. एकदा तरी."

"कुठलं टपाल?"

"मिरकरवाड्याचं."

बंदरात गाळ साठलेला असतो. त्यामुळे मोठ्या ट्रॉलरना भरती येईपर्यंत बाहेर, लाटा अडवणाऱ्या बांधापलीकडे, थांबून राहावं लागतं. आत जेटीवर त्यांची माणसं, बाहेर बोटीवर खलाशी, मध्ये पाणी. हाच आमचा अटलांटिक. मी त्या संध्याकाळी गुलाबी कागदावर पत्रक लिहिलं. ते असं:

'मिरकरवाड्यातील बंधुभगिनींनो, जे विमान टपाल नेण्यासाठी जन्मले आणि ज्याला युद्धाने पळवले, ते येत्या रविवारी आपल्या जेटीवरून आपले टपाल घेऊन उडेल, बंदराबाहेरील बोटींजवळ पाण्यावर उतरेल व टपाल पोचते करेल. आपापली पत्रे घेऊन यावे. पत्र हलके असावे.'

बाबांनी प्रूफ वाचलं. चष्मा कपाळावर चढवला. "'उडेल' की 'उडण्याचा प्रयत्न करेल'?"

"उडेल."

"उडून बघितलंय का?"

"ते पूर्ण वजन घेऊन खवळलेल्या समुद्रातून उठलंय, बाबा."

"ते इटलीत. हे तुझ्या मामाने बांधलंय."

"प्रयत्नाचं पत्रक कोण वाचतं?"

बाबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. "बरं. पण सही तुझी आहे हे लक्षात असू दे." आणि मशीन सुरू केलं. गुलाबी कागद धडाधड बाहेर पडायला लागले. मला ते मशीन विमानासारखंच वाटत होतं, आता उठतंय का मग उठतंय असं.

इकडे विमान तयार होत होतं. पंख थर्माकोलचे, मासळीच्या खोक्यांचे. कितीही धुतले तरी त्यांना बांगड्याचा वास होता. मामा म्हणाला, आहे तर आहे, समुद्राचंच विमान आहे. चार मोटरी, चार पंखे. पोटात टपालासाठी एक कप्पा. राहिल्या त्या खालच्या दोन होड्या. त्या फायबरच्या हव्यात म्हणून मामा चाचांकडे गेला.

चाचा म्हणजे बंदरातले फायबरवाले. लाकडी होड्यांचे दिवस गेले, आता लहान होड्या फायबरच्या होतात. साचा करायचा, कापड आणि राळ थरावर थर लावायची, घासायचं, रंगवायचं. चाचांच्या होडीचा तळ आरशासारखा असतो. मिरकरवाड्यात कुणी होडी घ्यायला आला की आधी तळावरून हात फिरवतो, आणि हात कुठे अडकला नाही तर म्हणतो, चाचांची दिसते. मामाने त्यांना आराखडा दिला, मापं दिली. चाचांनी विचारलं, "किती माणसं बसणार?" मामा म्हणाला, "माणूस नाय, पत्रं बसणार." चाचा म्हणाले, "मग नाजूक पायजे," आणि कामाला लागले.

ते इतके कामाला लागले की होड्या शनिवारी संध्याकाळी मिळाल्या. चाचा घासत बसले होते. घासून घासून त्यांनी त्या अशा केल्या होत्या की हातातून निसटत होत्या. पाण्यात घालून बघायला वेळच उरला नाही. मामाने त्या रात्रीतच बसवल्या आणि रविवारी दुपारी आम्ही ते विमान जेटीवर आणलं. उभं करून, कारण आडवं ते कुठल्याच गल्लीतून जात नव्हतं.

जेटी भरली होती. माझी गुलाबी पत्रकं सगळीकडे होती. बायकांच्या हातात, बर्फाच्या खोक्यांवर, एका कोपऱ्यात सुक्या जवळ्याभोवती गुंडाळलेली. बाबा आले होते, पांढरा शर्ट, खिशाला पेन. मी त्या पेनकडे पुन्हा पुन्हा बघत होते; घरातलं प्रत्येक शुद्धिपत्रक त्याच पेनने सुरू होतं.

टपालही भरपूर आलं. मासळी विकणारी एक मावशी माझ्या ओळखीची आहे, सावलीच्या पत्रकावर पहिला अंगठा तिचा होता. तिचा नवरा तांडेल, म्हणजे ट्रॉलरचा कप्तान. त्याची बोट बाहेर थांबलेली होती. मावशीने मला कागद दिला आणि म्हणाली, "लिव. मुलीला बघायला पाव्हणे येतायत उद्या. दाढी करून या."

"एवढंच?"

"सकाळपासून फोन करतंय, मेला उचलत नाय. विमान तरी उचलतो का बघू."

मी लिहिलं. असेच बरेच कागद झाले. मामाने सगळे कप्प्यात भरले, मोटरी सुरू केल्या, आणि आम्ही विमान जेटीच्या पायऱ्यांवरून पाण्यात सोडलं. ते पाण्यावर इतकं ऐटीत बसलं की चाचांनी चारी बाजूंना बघितलं, कोणी बघतंय ना म्हणून.

मामाने वेग दिला. चारी पंखे गरजले. विमान निघालं, फेस उडाला, नाक वर आलं. सगळी जेटी ओणवी झाली. आणि विमान तसंच, नाक वर करून, फेस उडवत, बांधापर्यंत गेलं. उठलं नाही. मामाने वळवून आणलं. पुन्हा वेग, पुन्हा फेस, पुन्हा नाक. पुन्हा नाही.

"बोट बरी केलीस," कुणीतरी म्हणालं.

"पंख कशाला लावलेस पण?"

"सावलीला."

मी बाबांकडे बघितलं नाही. तिसऱ्यांदा तेच झालं. मामा घामाघूम. "वजन जास्त झालंय," तो म्हणाला. "टपाल काढूया."

"टपाल काढायचं नाही."

"अगो, आधी उडू तरी दे."

"टपालाशिवाय उडालं तर ते लष्कराचं विमान, मामा. टपाल काढून त्याला रिकामं उडवायचं असेल तर मी हे पत्रक आत्ता इथे फाडते."

"फाड. उडत तर नायच हाय."

"मावशी," मी वळून म्हटलं, "तुमचं पत्र काढू?"

मावशीने टोपली डोक्यावरून खाली ठेवली. "काढून बघ."

त्यामुळे टपाल राहिलं. मामाने बॅटरी बदलली, पंखे घासले, वाऱ्याकडे तोंड करून बघितलं. समुद्राकडून वारा सुटला होता, समोरून येणारा, विमानाला हवा असतो तसाच. तरी ते पाण्याला चिकटून. उठायचं असतं, वेगही असतो, आणि कुणीतरी खालून धरून ठेवल्यासारखं. मामाने शेवटी ते पायऱ्यांवर ओढून घेतलं, उलटं केलं, आणि होडीच्या तळावरून हात फिरवला. एकदा. मग दुसऱ्या होडीच्या. मग तो खालीच बसला.

"चाचा, इथे पायरी होती."

"कसली पायरी?"

"तळाला. मध्यावर. आराखड्यात काढली होती मी. तळ इथे तुटतो आणि मागे वर सरकतो."

चाचा जरा अवघडले. मग हळू आवाजात, मामाची लाज राखावी म्हणून त्याच्या अगदी जवळ जाऊन म्हणाले, "ती होती ना. साच्यात आली होती. मला वाटलं, आराखडा काढताना तुझा हात हलला असेल. म्हणून मी पुट्टी भरून सरळ केली. कुणाला बोललो नाय."

मामाने डोळे मिटले. मी विचारलं, काय झालं. तेव्हा त्याने सांगितलं, आणि ते आठवलं की मला अजून हसू येतं. होडीचं सगळं कौतुक हे की ती पाण्याला बिलगून राहते. पाण्याचं विमान मात्र पाण्याने सोडलं पाहिजे. गुळगुळीत, वळलेल्या तळाला पाणी चिकटून मागे मागे जातं आणि खाली ओढून धरतं. पायरी असली की पाणी तिथे तुटतं, खाली हवा शिरते, आणि विमान सुटतं. ती चूक नव्हती, तीच सगळी युक्ती होती. त्या मोठ्या पाचशे अकरालाही तशीच पायरी होती. आणि मिरकरवाड्यातल्या सगळ्यात चांगल्या हाताने ती मायेने बुजवून, वर पॉलिश मारून दिली होती.

"म्हणजे माझ्या तळाला खाच पाडायची," चाचा म्हणाले.

"हो."

"सगळ्यांसमोर."

"हो, चाचा."

"उद्या गिऱ्हाईक हात फिरवेल आणि म्हणेल, चाचाचा हात गेला."

मी पुढे झाले. मला भाषणाची सवय आहे. मी सुरुवातही केली, की चाचा, आज इथे प्रश्न एका होडीचा नाही. चाचांनी मला हाताने थांबवलं. "बेटी, तुझं पत्रक खोटं पडतंय का?"

"पडतंय."

"मग भाषण नको. ग्राइंडर आण."

ग्राइंडर शेजारच्या जाळी दुरुस्तीच्या शेडमधून आला. चाचांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. स्वतःच्या हाताने घासलेल्या तळावर त्यांनी ग्राइंडर टेकवला आणि पहिल्या फटक्याला असा चेहरा केला की दोन बायका म्हणाल्या, बघवत नाय. पांढरी पूड उडाली. पुट्टी निघाली आणि खालून पायरी वर आली, अगदी मामाने काढली होती तशी, स्वच्छ, धारदार. चाचांनी दोन्ही होड्यांवर बोट फिरवून कडा तपासल्या. खाच पाडायची म्हणून काय, वाकडी पाडायची नाही.

भरती चढत होती. मामाने विमान पाण्यात सोडलं. जेटीवरच्या लोकांनी आता थट्टा सोडली होती, कारण चाचांचा तळ पणाला लागला होता आणि चाचा सगळ्यांचे. मामाने वेग दिला.

फेस. नाक वर. आणि मग काहीतरी वेगळं झालं. फेस मागे सरकला. विमान पाण्यात चालायचं थांबून पाण्यावर धावायला लागलं, टप, टप, टप, लाटांच्या माथ्यांवरून, जणू त्याला पाय ओले करायचे नाहीत. आणि मग टप ऐकू आलं नाही. खाली मोकळं पाणी होतं आणि वर विमान.

मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. मला सांगितलं गेलं की मी बाबांचा हात धरून उड्या मारत होते आणि 'उडेल, उडेल' असं ओरडत होते, ते उडत असताना. आई म्हणते, तू रडत होतीस. मी त्या अर्थाने रडत नव्हते. डोळ्यांत फायबरची पूड गेली होती. पूर्ण वजन घेऊन, मावशीच्या निरोपासकट, बांगड्याच्या वासासकट, ते बंदरावरून फिरलं. उन्हात त्याचे पंख पांढरे दिसत होते आणि खाली त्याची सावली बोटींवरून उड्या मारत पळत होती. कावळे बाजूला झाले. एका ट्रॉलरवरच्या माणसाने हात जोडले.

मग ते बांधापलीकडे गेलं. आता उतरायचं होतं. मामाने वेग कमी केला, आणि त्याच वेळी समुद्राकडून वाऱ्याचा एक झोत आला. विमान कलंडलं, सावरलं, पुन्हा कलंडलं, आणि पाणी सोडून नेमकं एका ट्रॉलरच्या मागच्या बाजूला, उंच रचून ठेवलेल्या जाळ्यात अलगद शिरलं. पंखे थांबले. बाहेर नुसती शेपटी दिसत होती.

जेटीवरच्यांनी टाचा उंचावल्या. मग मावशी म्हणाली, "ती आमचीच बोट."

मामाच्या हातातून रिमोट घेऊन मी खाली ठेवला. तो अजून कळ दाबत होता.

थोड्या वेळाने मावशीचा फोन वाजला. सकाळपासून फोन न उचलणारा तांडेल स्वतः फोन करत होता. तिने स्पीकर लावला.

"अगो, जाळ्यात विमान आलंय."

"माहितीय. पत्र वाचलंत?"

"वाचलं. कधी यायचेत पाव्हणे?"

"उद्या. आणि विमान परत आणा."

"जाळ्यात आलं ते जाळेवाल्याचं," तांडेल म्हणाला, आणि मागे खलाशी हसले. हेच वाक्य मीच एका पत्रकात लिहिलं होतं, परक्या बोटींविरुद्ध, आणि मिरकरवाड्याने ते पाठ केलं होतं.

भरती पुरती चढल्यावर ट्रॉलर आत आला. तांडेल विमान दोन्ही हातांवर घेऊन उतरला, लहान मुलासारखं धरून. एक पंखा वाकला होता, बाकी सगळं शाबूत. चाचांनी विमानाकडे नंतर बघितलं. आधी त्यांनी ते उलटं केलं आणि तळावरून हात फिरवला. हात पायरीला अडकला. "ह्या इथे सुटतं ते," त्यांनी आजूबाजूच्यांना सांगितलं, जणू ती पायरी त्यांना पहिल्यापासून ठाऊक होती. चार जणांनी हात फिरवून बघितला.

बाबा माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी खिशाला हात लावला नाही. नुसतं विचारलं, "कुठे उतरेल म्हणून छापलं होतंस?"

"पाण्यावर."

"हं."

सोमवारी सकाळी मी माझं पहिलं शुद्धिपत्रक छापलं. गुलाबीच कागद. 'पाण्यावर उतरेल' ऐवजी 'जाळ्यात उतरले' असे वाचावे. इतर मजकूर बरोबर आहे. विमान उडाले. टपाल पोचले व त्यानुसार तांडेलांनी दाढी केली. मला वाटलं होतं हा मजकूर जुळवताना मला लाज वाटेल. मी गुणगुणत होते.

गठ्ठा घेऊन जेटीवर गेले. मावशीने एका हाताने सुरमई धरून दुसऱ्या हाताने कागद घेतला आणि शेजारणीकडून वाचून घेतला. "ह्यात चुकलं काय?" ती म्हणाली. "पाण्यावर उतरलं असतं तर ह्यांनी ढुंकून बघितलं नसतं. जाळ्यात आलं म्हणून धावले." चाचांनी दोन मागून घेतले, एक शेडवर चिकटवायला. मामा म्हणाला, पुढच्या वेळी पार पूर्णगडच्या खाडीपर्यंत उडवू. मी म्हटलं, पुढच्या वेळी 'प्रयत्न करेल'. तो म्हणाला, प्रयत्नाचं पत्रक कोण वाचतं.

शेवटची प्रत बाबांची, कारण मूळ पत्रक त्यांनाही मिळालं होतं. कायदा म्हणजे कायदा. मी छापखान्यात जाऊन ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, सावकाश वाचली, शेवटच्या वाक्यापाशी थांबले.

"काल तांडेल उतरला तेव्हा मी समोर होतो," ते म्हणाले.

"मग?"

"भरती आली म्हणून त्याने वस्तरा मध्येच ठेवला होता. डावा गाल तसाच होता."

मी आठवून बघितलं. विमान हातांवर, चेहऱ्यावर हसू, आणि डाव्या गालावर साबणाचा वाळलेला फेस. त्याच्याखाली दाढी, होती तशी.

बाबांनी खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं. मी गुलाबी कागदाचा नवा गठ्ठा घेतला आणि मशीनकडे वळले.